डॅन्यूबचं मावंदं

डॅन्यूब नदीवरच्या त्याच जहाजावर मी दुसऱ्यांदा गेले, तेव्हा अकोल्याची माझी थोरली बहीण सोबत नव्हती. भाऊजींना अर्धांगाचा झटका आल्यापासून तिला घर सोडता येत नाही. खोली मात्र मी दोघींचीच ठेवली होती. भाऊजींजवळ राहायला कोणी मिळेल, असं शेवटपर्यंत वाटत होतं. नाही मिळालं. अमरावतीहून एकटीच निघाले.

जहाजाबद्दल सरळ सांगते. अंथरूण स्वच्छ, न्याहारी वेळेवर, रोज सामान बांधायची कटकट नाही. उतरलं की समोर गाव. पण सूप आळणी, गाइडचे विनोद मागच्याच खेपेचे, आणि नदीला पाणी कमी म्हणून एक अख्खा टप्पा बसने. फोनवर ताईला हे सांगितलं.

"नदी पाह्याले गेली अन् बसमधी बसून राहिली? बस तं बडनेऱ्याहून बी भेटली असती वं!"

मग हळूच म्हणाली, "ते विहीर आली का?"

विहीर म्हणजे जहाज खालच्या पाण्यात उतरवायची जागा. दोन दारांमध्ये जहाज कोंडतात, पाणी सोडतात, आणि दोन्हीकडच्या ओल्या भिंती वर वर जाऊ लागतात. पहिल्या खेपेला ताई माझा दंड धरून ओरडली होती, "अवं, आपल्याले विहिरीत सोडून राहिले!" शेजारच्या गोऱ्या आजोबांनी काही अशुभ घडलं समजून टोपी काढली होती.

त्याच दिवशी तिनं बाटलीला परकराची नाडी बांधून खिडकीतून नदीचं पाणी काढलं. आणि काशीहून गंगा आणल्यावर घालतात तसं घरी येऊन चक्क मावंदं घातलं. कलशात डॅन्यूब, पानात पुरणपोळी. पाहुणे हसले, तर म्हणे, "नदी ते नदी. तिले काय जात इचारता?" मला पूजेला बोलावत होती. मी पंगतीची पानं मांडत राहिले.

या खेपेला विहीर आली तेव्हा तिला दाखवायला फोन उंच धरला. भिंती चढल्या तशी रेंज गेली. दंड धरायला कोणी नव्हतं. मी कठडा धरला.

पाणी एका गावच्या घाटावर वाकून भरलं. बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली. जहाजावरची माणसं रोज संध्याकाळी खोलीतल्या दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवायची. पलीकडच्या उशीवरची सगळी तिच्यासाठी बांधली.

परतल्यावर अकोल्याला गेले. बाटली तिच्या हातात दिली. "घाल आता मावंदं."

"जाऊन आला त्यानं बसा लागते पूजेले. मी कुठी गेली? तू बस."

"तुझ्याशिवाय नाही बसणार."

"मंग राहू दे तसंच."

तिनं बाटली पदरानं पुसली आणि न उघडता देवघरात ठेवली. भाऊजींना चॉकलेटचा तुकडा भरवला, त्यांचं तोंड पुसलं. मग पाठमोरीच म्हणाली, "ठेवून ठेवून पाणी खराब होते का वं?"

"झाकण घट्ट लावलंय," मी म्हटलं.