जड कार्बनच्या रेषा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायचं म्हटलं की स्वतःचीच किळस येते, म्हणून टाळत आलो. आज तुमच्यापुढे ओकतोच एकदाचं.

मी पांढरकवड्याला एम.एस्सी.च्या पोरांना फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे मायक्रोवेव्हचं यंत्र कुठलं असायला? मग मीच कार्बन मोनॉक्साइडच्या स्पेक्ट्रमच्या रेषा छापून वाटतो. लागोपाठच्या दोन रेषांमधलं अंतर काढायचं, निम्मं केलं की रोटेशनल कॉन्स्टंट. त्यावरून रेणूतले दोन अणू एकमेकांपासून किती लांब, ते. सोपं आहे. उत्तर पुस्तकात असतंच.

काही वर्षांपूर्वी एका बॅचला सगळ्यांचं उत्तर पुस्तकाबरहुकूम आलं. एकट्या सविताचं जास्त आलं. तांड्यावरून येणारी, घरातली पहिलीच एवढं शिकणारी पोर. मी तिला वर्गासमोर झापलं — भागाकार येत नाही अन् एम.एस्सी. करायला निघाली, असं म्हणालो. बाकीचे हसले. "सर, कितीदाबी केलं तरी तेवढंच येऊन राह्यलं," ती म्हणाली. मी तिचं जर्नल फेकलं — हो, फेकलं. पुस्तकातलं उत्तर येईस्तोवर सही मिळणार नाही, म्हणालो.

संध्याकाळी शंका आली, म्हणून मूळ तक्ता उघडला. रेषा मीच चुकीच्या छापल्या होत्या. कार्बनचाच एक जड प्रकार असतो, त्याच्या — खालच्या ओळीतल्या. त्या आकड्यांवरून सविताचंच उत्तर येत होतं. म्हणजे बाकी सगळ्यांनी आकडे ठोकून बसवले होते, आणि मी त्यांची पाठ थोपटली होती.

दुसऱ्या दिवशी सांगायला काय झालं होतं मला? एक वाक्य — तेवढंच तर होतं. पण त्या पोरीपुढे चूक कबूल करायची? ती आली. जर्नलमध्ये पुस्तकातलं उत्तर, नजर खाली. तिने खोटं लिहिलंय हे मला माहीत होतं. मी सही केली, पैकीच्या पैकी मार्क दिले, वर म्हणालो — आता कसं जमलं.

परवा कळंबला भेटली. ढाणकीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते आता. वाकून पाया पडली.

"सर, मी बी पोरायले पह्यले उत्तर पाहाले लावते, मंग आकडे बसवाले," हसत म्हणाली. "तुमच्याजवळूनच शिकली."

मी म्हणालो, छान. अन् तिच्या डोक्यावर हात ठेवला.