मास्तरांचं शेवटचं प्रकरण आणि जुनी डिस्क

तिला सगळे चिकटताई म्हणत, आणि तेही तोंडावर! वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणारी ही बाई कधी काही टाकून म्हणून देत नसे. खणात न चालणारी पेनं, कशालाच न बसणारे चार्जर, कान तुटलेला कप. "मलासुद्धा जुना झालो म्हणूनच ठेवलंय," असं तिचा नवरा सांगत फिरे.

वाचनालय अंधांसाठीचं. माणसं येऊन काचेच्या खोलीत पुस्तकं मोठ्यानं वाचत, ते सर्व्हरवर साठे आणि लोक घरबसल्या ऐकत. सर्व्हरवर तीन कंटेनर, म्हणजे आपापलं काम वेगळं करणारे तीन प्रोग्राम, होते. वाचनालयाच्या साहेबांना तिने ते डब्यांवरून समजावलं होतं: एक डबा रेकॉर्डिंगचा, एक यादीचा, एक ऐकवण्याचा, आणि तिन्हींचा माल एकाच फडताळात, म्हणजे एका डिस्कवर. ते फडताळ आता गच्च भरलं होतं, म्हणून मोठी डिस्क आली होती. नियम एकच: आधी कंटेनर बंद करायचे, मग माल हलवायचा. नाहीतर जे चालू असेल ते अर्धवट येतं.

पण त्या दुपारी आत मास्तर वाचत होते. वीस वर्षं इथे वाचणारे मास्तर! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यात आवाज कायमचा जाणार होता. हातातल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं संपवायला ते आले होते. त्यांना मध्येच थांबवणं ताईच्या जिवावर आलं. तिने सगळं चालू असतानाच कॉपी सुरू केली. म्हटलं, मास्तर उठले की कंटेनर बंद करू आणि राहिलेलं दुसऱ्या फेरीत घेऊ.

मास्तर बाहेर आले. "चला, माझी बडबड संपली एकदाची," म्हणाले. सगळे हसले, ताईला मात्र रडू फुटलं. डोळे पुसत तिने कंटेनर बंद केले, नवी डिस्क जोडली, कंटेनर पुन्हा सुरू केले. जुनी डिस्क काढून, सवयीने वर चिठ्ठी डकवून, टेबलावर ठेवली आणि घरी गेली. दुसरी फेरी साफ विसरली.

माल हलवला की त्यातलं काहीतरी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सकाळी तिने तेच प्रकरण लावलं. अकराव्या मिनिटाला, वाक्याच्या मध्येच, आवाज तुटला. दुसरी फेरी राहिलीच होती! वळून बघते तो काय, टेबलावर जुनी डिस्क नाही!

"साहेब, डिस्क कुठंय?"

"दारावर कॅमेरा बसवतोय त्या कॅमेरेवाल्याला दिली. पुसून वापरेल. तुमच्या खणात गेली असती तर मिळाली असती का ती आम्हाला?"

मास्तर तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. ताई जिना कसा उतरली, तिचं तिला ठाऊक. कॅमेरेवाला दाराशी शिडीवर चढलेला होता.

"पुसलीस का रे ती डिस्क?"

"कुठली पुसतोय! तिच्यावर 'खराब आहे' लिहिलंय की. काय ताई, असला माल देता होय?"

चिठ्ठी तिचीच होती. साहेबांनी वस्तू नेऊ नयेत म्हणून ती चांगल्या वस्तूंवरही तसं लिहून ठेवायची. ती तिथेच पायरीवर बसली आणि डिस्क मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. मग वर जाऊन कंटेनर बंद केले आणि दुसरी फेरी पुरी केली. प्रकरण चाळीस मिनिटांचं निघालं.

महिन्याभराने मास्तर आले. गळ्याला पट्टी, हातात वही. ताईने त्यांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि भराभर लिहिलं, 'तिसाव्या मिनिटाला अडखळलोय. हे टाकून द्या, मी पुन्हा वाचतो.'

लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेन तसंच हातात राहिलं.

"मास्तर," ताई म्हणाली, "मी कधी काही टाकलंय का?"

मास्तरांनी ती ओळ खोडली आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले.