पंचमीची पाऊणपट

नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं तेव्हाची ही घटना. आजही दिनदर्शिकेत पंचमी दिसली की मला ती आठवते आणि जरा लाजही वाटते. लाज का, ते शेवटी सांगेन.

मी मूळचा पुण्याचा. शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियात आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात लागलो. वॉलॉंगॉंगच्या दक्षिणेला एका खाडीकाठच्या ठाण्यात माझी बरीच वर्षं गेली. मराठी बोलणारा तिथे मी एकटाच. खाडीकाठी नोकरी केली म्हणून भरती-ओहोटी कळत होती असं मात्र कोणी समजू नये. पाणी चढतं आणि उतरतं, एवढंच माझं ज्ञान होतं. वेळा लागल्या तर भिंतीवर तक्ता होता.

दुसऱ्या लॉकडाऊनचे दिवस होते. ठाण्याचं काम विचित्र झालं होतं. चोऱ्या कमी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी जास्त. अमक्याकडे पाहुणे आलेत, तमका मास्क न लावता फिरतो, असे फोन दिवसभर चालत. त्यामुळे त्या सकाळी दहाच्या सुमारास खाडीकाठच्या एका बाईंचा फोन आला तेव्हा कोणी कान टवकारले नाहीत. पण बाई नीट सांगत होत्या. आठ वाजता धक्क्यावर दोन म्हातारे भारतीय गृहस्थ होते. एक जोरजोरात ओरडत होता, दुसरा खाली मान घालून उभा होता. मग दोघे छोट्या बोटीतून गेले. थोड्या वेळाने ओरडणारा एकटाच परत आला.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो ओरडणारा गृहस्थ धक्क्यावर गुडघ्यापर्यंत भिजलेला उभा होता आणि येईल त्याला मराठीत सांगत होता, "आमचे व्याही दिसत नाहीत हो."

घरची माहिती त्या ओरडणाऱ्या गृहस्थांच्या सुनेकडून कळली. ती विद्यापीठात नोकरीला, नवरा स्टीलच्या कारखान्यात शिफ्टला. बाळ झालं तेव्हा दोन्हीकडचे आजोबा मदतीला आले. सीमा बंद झाल्या, मग भारतात दुसरी लाट आली आणि परत जायचं लांबतच गेलं. नवऱ्याचे वडील कोकणातल्या किनाऱ्यावरच्या शाळेत भूगोलाचे मास्तर होते. तिचे वडील पुण्यात विमा कचेरीतून निवृत्त झालेले. दीड वर्ष दोन व्याही एका घरात. विळ्या-भोपळ्याचं सख्य असेल असं मला वाटलं, तर सून म्हणाली, "नाही हो, बाबा त्यांच्यासमोर कधी बोलतच नाहीत."

सापडत नव्हते ते तिचे बाबा. संशय होता तिच्या सासऱ्यांवर, म्हणून त्यांना ठाण्यात आणलं होतं. ती ठाण्याच्या कार पार्कात प्रॅम घेऊन उभी होती. नियमामुळे तिला आत घेता येत नव्हतं.

अधिकृत दुभाषी फोनवर मिळायला तास लागणार होता आणि पाणी गार होतं. सार्जंटने मला सांगितलं, तू सुरुवात कर, सगळं रेकॉर्ड होऊ दे. मी मास्तरांना आधी त्यांचे हक्क समजावले. उत्तर द्यायची सक्ती नाही, जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरता येईल.

"विचारा हो," मास्तर म्हणाले. "पण लवकर विचारा."

त्यांचं म्हणणं असं. दोघे या खाडीत बोट घेऊन दुसऱ्यांदाच उतरले होते. धक्क्यापासून दहा मिनिटांवर वाळूचा एक उंचवटा आहे. तो उघडा होता. व्याह्यांना गळ घेऊन तिथे उतरवलं आणि आमिषाची बादली गाडीत राहिली म्हणून ते परत आले. मग इंजिन सुरू होईना. तास-दीड तास खटपट केली. दहाच्या सुमारास गेले तर ना वाळू, ना व्याही.

"पाणी चढत असताना तुम्ही त्यांना वाळूवर सोडलंत?"

"चढत कुठे होतं? उतरत होतं. पावणेदहाला पूर्ण ओहोटी. वाळू आणखी उघडी पडायला हवी होती."

मी बाहेर येऊन हे सार्जंटला सांगितलं. तिचं बालपण याच खाडीत होड्या वल्हवण्यात गेलेलं. तिने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी ओहोटी सव्वासहाला होती आणि भरती सव्वाबाराला.

"मेट, पावणेदहाला इथे पाणी जोरात आत येत असतं. ही खाडी बघितलेलं पोरही असं बोलणार नाही. वाळूची गोष्ट त्याने रचली आहे. भांडण धक्क्यावर झालं, माणूस धक्क्यापाशीच पाण्यात गेला."

तर्क चुकीचा नव्हता. सगळे पाणबुडे धक्क्याखालच्या खोल पाण्यात शोधत होते. वाळूची गोष्ट खोटी असेल तर ते योग्य जागी होते. खरी असेल तर माणूस भरतीबरोबर वर, कांदळवनाच्या बाजूला गेला होता आणि तिकडे कोणीच नव्हतं. एका म्हाताऱ्याचा जबाब खरा की खोटा, यावर दुसऱ्या म्हाताऱ्याचा जीव होता.

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती तपशील घोळवतात आणि समोरच्याला पटेल असं सांगतात. मास्तर तर भिंतीवरच्या कागदाने दोन मिनिटांत खोटं पडेल असं सांगत होते आणि वर ठाम होते. मला कुतूहल वाटायला लागलं. मी आत जाऊन एवढंच विचारलं, "पावणेदहा तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे कच्च्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. "आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती. त्यातून सहा तास मागे, पावणेदहा."

"हे काय आहे?"

"तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"तरीच," मास्तर म्हणाले. तशाही अवस्थेत त्यांना ते म्हटल्यावाचून राहवलं नाही. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. वडिलांनी मला शिकवलं, मी जन्मभर वर्गात शिकवलं. कधी चुकलं नाही."

मी भिंतीवरचा तक्ता काढून आणला, पण त्यांना दिसणार नाही असा धरला. मोबाइलवर तिथ्या उघडल्या. "गेल्या अष्टमीला भरती किती वाजता?"

"आठाची पाऊणपट सहा."

तक्त्यात अडीच होते.

"एकादशीला?"

"सव्वाआठ."

तक्त्यात पावणेपाच.

"अमावास्येला?"

"सव्वाअकरा."

तक्त्यात पावणेआठच्या आसपास. प्रत्येक वेळी साडेतीन तासांचा फरक, दहापाच मिनिटं इकडेतिकडे. खोटं बोलणारा माणूस वाटेल तसा चुकतो. दर वेळी नेमका तेवढाच चुकणारा माणूस खरं बोलत असतो, फक्त त्याचं घड्याळ दुसऱ्या गावचं असतं.

मी सार्जंटला चारही उत्तरं दाखवली. तिने ती स्वतः तक्त्याशी ताडून पाहिली. मग वायरलेस उचलून तिने दोन बोटी वाळूच्या वरच्या अंगाला, कांदळवनात पाठवल्या. बाई हट्टी होती पण चूक कळली की मिनिट वाया घालवायची नाही.

साडेबाराला निरोप आला. तिवरांच्या मुळांना मिठी मारून बसलेले गृहस्थ सापडले. अंग गारठलेलं, बोलणं अडखळत, पण जिवंत. मी कार पार्कात धावत जाऊन त्यांच्या मुलीला सांगितलं. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला.

मास्तरांना सांगताना मी त्यांच्यासमोर तक्ता ठेवला. खरं म्हणजे तेव्हाच ठेवायची गरज नव्हती. त्यांनी त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चंद्र तर एकच आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"चंद्र एकच आहे, मास्तर. किनारा दुसरा आहे."

"आमच्याकडे पाणी अर्धा मैल मागे जातं. इथे वीतभर हललेलं दिसलं, पण कुठल्या बाजूला हललं ते मी पाहिलंच नाही. हिशोब पाठ होता ना." मग त्यांनी डोळ्यांवर पंचा धरला. "म्हणजे मीच त्यांना बुडवत होतो."

फाईल इथे बंद व्हायची, पण पीडिताचा जबाब बाकी होता. दोन दिवसांनी मी मास्क आणि गाऊन घालून इस्पितळात गेलो. पुण्याचे व्याही उशीला टेकून चहा पीत होते. मी विचारलं, पाणी चढतंय हे तुम्हाला कधी कळलं?

"घरून निघतानाच," ते म्हणाले. "मोबाइलवर पाहिलं होतं ना मी."

"मग?"

"धक्क्यावर एकदा सुचवलं. ते भडकले. म्हणाले, समुद्र मला शिकवता? मग मी गप्प बसलो."

"आणि वाळूवर उतरताना?"

"वाटलं, येतील ते लवकर." त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, मुलीचे सासरे आहेत. मी मुलीचा बाप. दुसऱ्यांदा कसं बोलणार?"

तो जबाब मी शब्दशः इंग्रजीत लिहिला. सार्जंटने तो दोनदा वाचला. "याला माहीत होतं? तरी हा उतरला?"

"हो."

"का?"

मला उत्तर येत होतं, पण समजावून सांगता आलं नाही. त्यांच्या मुलीला ते कळलं तेव्हा ती माझ्यासमोरच फोनवर वडिलांना म्हणाली, "बाबा, मी सासऱ्यांशी रोज वाद घालते. ते चिडतात, मग माझं ऐकतात. तुम्ही कोणाला घाबरत होता?" मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी सुनेच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "व्याही, माझी चूक होती. पण यापुढे मला दुसऱ्यांदा सांगा. तिसऱ्यांदाही सांगा."

या प्रकरणाने मला तपासातली एक गोष्ट शिकवली. माणसाचं विधान चुकीचं निघालं की लगेच खोटं म्हणू नये. ते खरं असं त्याला कुठल्या किनाऱ्यावर शिकवलं, हे आधी विचारावं. पण मला झोपू दिलं नाही ते दुसऱ्याच गोष्टीने. आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांच्या मागे लागलो. इथे एक सज्जन माणूस खरं माहीत असून केवळ रीत म्हणून गप्प बसला आणि बुडता बुडता वाचला.

माझीही एकच मुलगी, मेलबर्नला दिलेली. तिच्या सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, सिग्नल नीट कळत नाही, आणि तरीही नातीला शाळेत गाडीतून तेच सोडतात, हे मला वर्षभर माहीत होतं. मी, पोलीस अधिकारी, त्यांना एका शब्दाने बोललो नव्हतो. मुलीचा बाप ना.

त्या रविवारी मी फोन लावला आणि सगळं स्पष्ट सांगितलं. व्याही संतापले. सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मुलीनेही मला बरंच सुनावलं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा नात आईचा हात धरून ट्रॅमने जायला लागली.