माश्या उठल्या तो दिवस

सोनाळ्याला आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तुरी निघाल्या की पौषातल्या एखाद्या रविवारी घरातली सगळी माणसं तिथं रोडगे करायला जमतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून त्यांत तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. माझं माहेर लोणारचं. रोडगे काही मला नवे नव्हते, पण एवढा गोतावळा नवा होता. चुलत सासरे, त्यांच्या सुना, नातवंडं, नणंद, तिची मुलं. कोण कोणाचं ते मला लग्नाला दोन वर्षं होऊनही पक्कं सांगता यायचं नाही.

त्या वर्षी माझी लेक पाच महिन्यांची होती. तिला पहिल्यांदाच वावरात आणलं होतं, म्हणून ती सगळ्यांच्या हातांतून फिरली आणि दुपारी दमून झोपली. सासूबाईंनी जरा बाजूला, निंबाखाली सतरंजी टाकून घेतली. गुडघ्यांमुळे त्यांना आराजवळ बसणं जमत नव्हतं. त्या आणि मी, मध्ये लेक, आणि थंडीसाठी घरून आणलेली एक जाड गोधडी.

खरं सांगायचं तर मला सासूबाईंची धास्ती वाटायची. त्या कधी रागावल्या नाहीत, पण बोलायच्याही कामापुरतंच. त्यांच्याजवळ एकटं बसायचं म्हटलं की काय बोलावं हे मी आधीच ठरवून ठेवायची. त्या दिवशीही हरभऱ्याबद्दल काहीतरी विचारलं, त्यांनी "हाव" म्हटलं, आणि लेकीवरची गोधडी सारखी केली.

नाल्याच्या काठी एक मोठा वड आहे. त्याच्या उंच फांदीला आग्या मोहोळ लागलेलं होतं. ते सगळ्यांनी सकाळीच पाहिलं होतं. सासऱ्यांनी मूठभर माती उधळून वारा बघितला होता आणि आर बराच लांब, धूर दुसरीकडे जाईल असा लावायला सांगितला होता. दुपारी वारा फिरला. सगळे गप्पांत होते. पहिल्यांदा परातीवर दोन-चार माश्या घिरट्या घालायला लागल्या. नणंदेनं पदरानं त्या हाकलल्या. मग लांब कुठंतरी मळणीयंत्र सुरू व्हावं तसा आवाज आला, आणि धाकटे चुलत सासरे ओरडले, "पया! पया रे! माश्या उठल्या!"

मी वर पाहिलं. वडावरून काळा धूर सुटल्यासारखं काहीतरी आमच्या दिशेनं येत होतं. माणसं सैरावैरा पळत होती. कोणी मुलांना काखेत मारलं होतं, कोणी डोक्यावर पोतं घेतलं होतं. गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि रस्ता हरभऱ्याच्या पलीकडे. मी लेकीला उचललं आणि उठणार, एवढ्यात सासूबाईंनी माझा पाय धरला.

"पयू नको. खाली निज. पोरीले पोटाखाली घे."

"आई, गाडीपर्यंत जाते ना मी."

"नाही पोचत तू. निज म्हन्तो ना!"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी आडवी झाले. त्या माझ्या अंगाला अंग लावून निजल्या आणि गोधडी आमच्या डोक्यांवरून ओढली. अंधार झाला. लगेच गोधडीवर पाऊस पडावा तसं टपटप व्हायला लागलं. त्या माश्या होत्या.

एक पाऊल बाहेर राहिलं होतं. त्याला एकापाठोपाठ डंख बसले आणि मी पाय आत ओढला, त्याबरोबर दोन-तीन माश्याही आत आल्या. एक माझ्या मानेवर बसली. मी तिला मारायला हात उचलला.

"मारू नको माय," सासूबाई कानाशी म्हणाल्या. "तिच्या वासानं आनखी येतेत. चावू दे."

मी चावू दिलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण हललं कोणी नाही. सासूबाईंनी गोधडीच्या कडा आपल्या मुठींत आवळून जमिनीला दाबून धरल्या होत्या. मुठींचा वरचा भाग बाहेर होता. मधूनच त्यांचं अंग ताठ व्हायचं, दातांमधून श्वास जायचा. मूठ मात्र सुटली नाही.

लेक जागी होऊन किंचाळत होती. माझ्या छातीखाली ते एवढंसं अंग धडपडत होतं. लांबून नवऱ्याची हाक आली, मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज, मग माणसांचा आवाज आला नाही. नुसता तो घोंगावणारा आवाज, आमच्या डोक्यापासून चार बोटांवर.

आणि लेक रडायची थांबली.

अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. माझ्याच वजनाखाली ती गुदमरली, असं मला वाटलं. गोधडी फेकून द्यावी, उठावं, काय व्हायचं ते होऊ दे.

"आई, ती रडत नाहीये. आई, ती रडत नाहीये."

"बोट लाव नाकाखाली. दुसरं काई करू नको."

मी चाचपडलं. गाल सापडला, ओठ सापडले. श्वास कळेना, कारण माझीच बोटं घामानं ओली होती. सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "लागते का? लागते का वारा?" मग एकदम तिनं माझं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला लागली. मी "हो, हो" एवढंच म्हणू शकले. सासूबाईंनी कपाळ माझ्या खांद्याला टेकलं. त्या रडत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. धुराचा वास यायला लागला. ओल्या गवताचा, डोळ्यांना झोंबणारा. आणि जवळच सासऱ्यांचा खोकला. "निंगू नका. म्या म्हनलं का मंगच निंगा." घमेल्यात पेटत्या गोवऱ्या घेऊन, त्यांवर ओला चारा टाकून, ते घमेलं हातात धरून ते एकटेच हरभऱ्यातून परत आले होते. अंगावर सदरा आणि डोक्याला दुपट्टा, बस. आमच्याभोवती ते फिरत राहिले. आवाज हळूहळू उंच गेला, मग विरळ झाला. त्यांनी "उठा" म्हटलं तेव्हा मला त्यांचा चेहरा ओळखू आला नाही.

लेकीच्या एका कानाला डंख होता, तेवढाच. सासूबाईंच्या मुठी उघडत नव्हत्या. नणंदेनं गाडीत एकेक बोट सोडवलं. सासरे पुढच्या सीटवर बसून सुरुवातीला "काई नाही झालं, गाडी सावकाश चालवा" म्हणत होते. मग त्यांना उलटी झाली. मग ते बोलायचे थांबले आणि मान एका बाजूला गेली. नवरा गाडी चालवत होता. "बाबा, बोला ना. बाबा, आयकून राह्यले का?" असं म्हणताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. मागे सासूबाई दोन सुजलेले हात मांडीवर ठेवून फक्त त्या मानेकडे बघत होत्या.

वरवट बकाल गावात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथले ते दिवस मी बाहेरच्या बाकावर लेकीला पाजत काढले. डॉक्टर आले की सगळे उभे राहायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगणार. किडनीवर परिणाम झालाय, एवढंच ते सांगायचे, वाट बघा म्हणायचे. शेवटी सासरे शुद्धीवर आले आणि पहिलं त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?" आठवड्यानंतर ते घरी आले, बारीक होऊन, पण आपल्या पायांनी.

मला वाटलं होतं, घाबरट मीच राहीन. झालं उलटंच. मिक्सर लावला की सासूबाई मागच्या अंगणात निघून जायच्या. उन्हाळ्यात पंखा लावू द्यायच्या नाहीत, घामानं भिजून बसायच्या आणि कारण विचारलं तर "थंडी वाजते" म्हणायच्या. कोणी हसलं नाही, पण कोणी बोललंही नाही.

पुढच्या पौषात सासऱ्यांनी पुन्हा वावरात रोडगे ठरवले. "भेऊन बसलो तं वावर सोडा लागंन," ते म्हणाले. सगळे निघाले. सासूबाईंनी गुडघ्याचं कारण सांगितलं. मी लेकीच्या सर्दीचं सांगितलं, जी फारशी नव्हती. गाड्या गेल्यावर घर एकदम शांत झालं. आम्ही दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसलो.

मध्येच त्या म्हणाल्या, "मले लय भेव वाटते वं. अजून."

"मला पण वाटतं, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिशी तू पयाली असती तं म्या तुले धरू शकलो नसतो. हात सुटूनच राह्यला होता माहा."

मला वाटत होतं, त्यांनी माझा पाय घट्ट धरला होता. लेक ओसरीची पायरी चढायचा प्रयत्न करत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. सासूबाई हातातली शेंग तशीच धरून रस्त्याकडे बघत होत्या. माणसं परत यायला अजून खूप अवकाश होता. मी सरकून त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो.