अप्पांच्या वहीतली कोरी पानं

तंजावूरच्या बसस्टँडवर त्या दुपारी अप्पांनी त्रिचीच्या दोन बसेस सोडून दिल्या. पहिलीत मागच्या बाकावर एक पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता म्हणून. दुसरी का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही. तिसरीत मला बसवलं, अम्माने दिलेला पोडीचा, म्हणजे कोरड्या चटणीचा डबा मांडीवर ठेवला आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "पुण्याला कोणाला सांगूं नकोस, तुज मोडी येतें म्हणून." लेकीला निरोप देताना बापाला केवढं सांगायचं असतं. माझ्या वाट्याला एवढंच आलं.

राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत माझ्याबरोबर वाढलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटलं, मी कॉम्प्युटर शिकायला गेले. तेव्हा जो तो त्यासाठीच निघाला होता, कोणी मद्रासला, कोणी बंगळूरला, पुढे अमेरिकेला. तुम्ही काही मिळवायला गेलात. मी घाबरून गेले. आज हे लिहिते आहे, कारण ज्यांना भ्यायचं ती माणसं आता उरली नाहीत.

अप्पा ज्यांच्याकडे नोकरीला होते त्यांना घरात आम्ही नुसतं 'अमैच्चर' म्हणायचो, म्हणजे मंत्री. ओरत्तनाडूकडच्या भातगिरणीवाल्याचा हा मुलगा आधी सहकारी सोसायटीचा अध्यक्ष झाला, तिथे अप्पा कारकून होते. मग तो आमदार झाला, मग बांधकाम खात्याचा मंत्री, आणि तंजावूरच्या बंगल्यावरचं सगळं काम अप्पांकडे आलं. अमैच्चरांची ख्याती अशी की एकदा भेटलेला माणूस ते विसरत नाहीत. तीन वर्षांनी आलेल्याला नावाने हाक मारून मुलीच्या लग्नाचं विचारतात. ती आठवण अप्पांची होती. कोण आलं, किती वाजता, कशासाठी, कोणाबरोबर, हे रोज संध्याकाळी घरी येऊन तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून, ते वहीत लिहीत. लिहीत मोडीत. पणजोबा राजवाड्याच्या दफ्तरात होते, तेव्हापासून ती लिपी आमच्या घरात राहिली होती. वही उघडी पडली तरी कोणी वाचणार नाही, ही सोयही होतीच. अप्पांच्या खुणा आणि तोडकी अक्षरं तर राजवाड्याच्या ग्रंथालयातल्या जाणत्यांनाही लागली नसती. ती दोघांनाच लागायची, त्यांना आणि मला. सुट्टीत पाटीवर त्यांनी मला शिकवलं होतं.

अप्पांची चूक एकच झाली, आणि ती अभिमानाची होती. पोंगलच्या दिवशी आम्ही बंगल्यावर गेलो होतो. अमैच्चरांनी हसत विचारलं, "तुम्ही रोज काय गिरवता हो?" अप्पांनी वही काढली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "वाच ग, दाखिव." मी परकर सावरून उभी राहिले आणि एक पान घडाघडा वाचलं. दोन ठेकेदारांची नावं होती, वेळा होत्या. सगळे हसले, अमैच्चरांनी मला मिठाईचा पुडा दिला. त्यांचा मेहुणा मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

निवडणुकीत सत्ता गेली आणि कालव्याच्या ठेक्यांची चौकशी लागली. पोलीस येऊन वह्या घेऊन गेले. त्यांना त्यातलं अक्षर लागेना, म्हणून त्यांनी अप्पांनाच बोलावून वाचायला बसवलं. त्याआधी मेहुणा घरी येऊन गेला होता. अम्माने दिलेली कॉफी संपवून त्याने शांतपणे विचारलं, "पाप्पालाही वाचता येतं ना?" पाप्पा म्हणजे लहान पोर, म्हणजे मी. बस, तेवढंच. अप्पांनी पोलिसांपुढे वाचलं, पण जी नावं वाचायला नको होती ती गाळून. आता गोष्ट साधी होती. तेच पान कोणी माझ्यापुढे ठेवलं असतं तर माझं वाचन त्यांच्याशी जुळलं नसतं. खरं वाचलं तर बाप तुरुंगात आणि मेहुणा दारात. खोटं वाचायचं तर अप्पांनी नेमकं काय गाळलं हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. चौथ्या दिवशी मी बसमध्ये होते.

पुण्यात मी सदाशिव पेठेत एका काकूंकडे भाड्याने खोली घेतली. माझी मराठी ऐकून लोक हसायचे, ते मला आवडायचं. हसणारा माणूस चौकशी करत नाही. पण घरासमोर मेहुण्याच्या जीपसारखी पांढरी जीप थांबली की माझ्या हातातलं भांडं तसंच राहायचं. आठवड्याला एसटीडी बूथवरून फोन करायचे. अप्पा म्हणायचे, "सौख्य ना? बरें. ठेव." एकदा काकूंनी माहेरच्या जमिनीचा मोडीतला जुना कागद पुढे केला. "तुम्ही तंजावरचे लोक, तुला येत असेल की ग." पहिल्याच ओळीत त्यांच्या आजोबांचं नाव मला दिसत होतं. मी म्हटलं, "नाही हो काकू." त्यांनी कागद घडी घालून ठेवला. त्याची लाज मला अजून वाटते.

पुराव्याअभावी अमैच्चर सुटले, पुन्हा निवडून आले, पुन्हा मंत्री झाले. अप्पांना त्यांनी बोलावलं, अप्पांनी डोळ्यांचं कारण सांगितलं. मी तंजावूरला एकदाच गेले, अम्मा आजारी होती तेव्हा, तीन दिवस. त्या तीन दिवसांत अप्पांनी मला तिण्णैवर बसू दिलं नाही.

मेहुणा गेला, अमैच्चर गेले, अम्मा गेली, आणि या वर्षी अप्पा. त्यांच्या ट्रंकेत वह्या निघाल्या. डोळ्यांचं कारण सांगणारा माणूस रोज लिहीत होता. बंगल्याचं आता काही नव्हतं, आमच्या दारी कोण आलं एवढंच. 'आज कोणी विचारीत आलें नाहीं.' वरती तारीख. पुढच्या पानावर पुन्हा तेच. मी गेले त्या दिवसापासून, एकही दिवस न चुकता.

फक्त तीन पानं कोरी आहेत. तारखा वरती आहेत, खाली काही नाही. ते मी आले होते ते दिवस. जी अक्षरं त्यांच्या-माझ्याशिवाय कोणाला लागत नव्हती, त्यांच्यातसुद्धा माझं येणं लिहायला त्यांना भीती वाटली.

घर कशाला म्हणतात असं आता मला कोणी विचारलं तर मी ती पानं दाखवीन. काल मी पेन घेतलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर मोडीत लिहिलं, 'आज लेक आली.' लिहिण्याआधी उठून दार लावलं आहे ना ते बघून आले.