केकचं सरबत

"दारूच्या बाटलीवर कुनी केकचं चित्र काढंल व्हय? सरबतच हाय ते. आमच्या पोरीनं वाचलंय, इंग्लिश मीडियमची हाय ती."

काकू मागच्या दारात उभी राहून शेजारच्या मावशींना सांगत होती. मावशी ताक द्यायला आल्या होत्या आणि ओट्यावरच्या तीन बाटल्या बघून थबकल्या होत्या. "न्हाई, बाटली तसली दिसली म्हनून इचारलं," एवढंच म्हणून त्या गेल्या. मी खाली बसून केळीची पानं पुसत होते. एकच पान मी दोनदा पुसलं.

काकूची ती पोर म्हणजे मी, तिची पुतणी. आमचं घर भोरला आहे आणि काका-काकूंचं भाटघरजवळच्या गावात. दोन्ही घरांत इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. खताच्या पोत्यावरची सूचना, काकांच्या बीपीच्या गोळ्या, बँकेचा मेसेज. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, पण वाचून दाखवायला जमतं, कारण तेव्हा सगळे कागदाकडे बघत असतात.

त्या बाटल्या पंधरा दिवसांपूर्वी आल्या होत्या. माझा चुलतभाऊ इंग्लंडला नोकरीला आहे. त्याचा मित्र सुट्टीवर येत होता, त्याच्याबरोबर त्याने काकांना स्वेटर आणि काकूला क्रीम पाठवलं. भावाच्या घरमालकीणबाईंनी या तीन बाटल्या परस्पर त्या मित्राच्या हातात दिल्या, याच्या आईवडिलांसाठी म्हणून. तपकिरी काच, त्यावर उभ्या वाडग्यात केकचे थर, पिवळं कस्टर्ड, वर लालभडक रास्पबेरी.

"वाच गं, काय लिवलंय?" काकू म्हणाली होती.

मी वाचलं, रास्पबेरी ट्रायफल. तिकडचा गोड पदार्थ असतो, केक, कस्टर्ड आणि फळांचा, असंही सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या नावाखाली आणखी एक छोटा शब्द होता, एल, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अल्कोहोलचा आकडा. तो मी मनातल्या मनात वाचला. एल म्हणजे बिअरच असते हे मला माहीत होतं. मात्र समोर पप्पा चहा पीत बसले होते.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या ऑफिसमधल्या एका मुलीच्या निरोपाच्या जेवणाचा फोटो पप्पांनी माझ्या मोबाईलवर पाहिला होता. "हातात काय आहे तुझ्या?" त्यांनी विचारलं. मी लिंबू सोडा म्हणाले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मोबाईल परत दिला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मी पुण्यात खोली घेऊन राहते ती त्या न काढलेल्या विषयावर. तो उघडला असता तर रोज भोरहून एसटीने ये-जा कर, नाहीतर नोकरी सोड, असं झालं असतं. म्हणून त्या दिवशी मी बाटली खाली ठेवली आणि दुसरीकडे बघितलं. वाटलं, काकू इंग्लंडच्या बाकी वस्तूंसारखीच ती कपाटात जपून ठेवेल. तिचं पहिलं क्रीम अजून खोक्यात आहे.

पण काकूने बाटल्या या रविवारसाठी राखून ठेवल्या होत्या.

काकांनी दारू सोडली त्याला या रविवारी दोन वर्षं पूर्ण होत होती. ते टेम्पो चालवतात, वेल्ह्याकडच्या गावांतून दूध गोळा करून आणतात. दोन वर्षांपूर्वी पिऊन चालवताना टेम्पो उलटला. दूध सगळं रस्त्यावर गेलं, शेजारी बसलेल्या माणसाचा पाय मोडला. त्यानंतरच्या रविवारी काकांनी खंडोबाच्या देवळात सगळ्या गावासमोर भंडारा उचलला. आमच्याकडे भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर देव काय करेल ते पुढचं, आधी माणूस स्वतःच खचतो. काकांनी शब्द पाळला. सुरुवातीचे महिने ते दुपारी अंगणात नुसते फेऱ्या मारायचे. काकू त्यांना सारखी काही ना काही प्यायला द्यायची, ताक, कोकम, नुसतं साखरपाणी, हात रिकामा राहू नये म्हणून. देवाला दाखवल्याशिवाय ते यातलं काहीच तोंडाला लावत नाहीत, हाही त्यांचाच नेम.

आता तिला पुरणपोळीबरोबर देवापुढे लेकाकडून आलेलं परदेशी सरबत ठेवायचं होतं, आणि नैवेद्य झाला की पहिला पेला काकांना द्यायचा होता. नैवेद्याची चव आधी घेत नाहीत. त्यामुळे ती चाखून बघणार नव्हती, आणि कुणाला बघूही देणार नव्हती.

"काकू, त्यापेक्षा कोकम करूया का?" मी म्हणाले.

"कोकम रोजचंच हाय की गं. लेकाकडचं हाय हे."

मी दादाला मेसेज केला. एकच टिक आली. तिकडे नुकतं उजाडलं असेल, फोन बंद असणार.

घरात बाटली उघडायला काही नव्हतं. काकूने टेम्पोतली पक्कड मागवली आणि स्वतःच बूच वाकवून काढलं. फस्सकन फेस वर आला, तिच्या बांगड्यांवरून ओट्यावर सांडला. "सोडा घातलाय वाटतं," ती हसत म्हणाली. तिने स्टीलच्या पेल्यात ओतलं, फेस बसायची वाट बघितली, पेला ताटात ठेवला आणि देवघराकडे गेली.

बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. मी स्वतःला सांगितलं की खात्री करून घेऊ. कदाचित दारू नावालाच असेल, कदाचित लहान मुलांच्या कफ सिरपमध्ये असते तेवढीच असेल. मी फ्रिजच्या आडोशाला उभी राहिले आणि बाटलीतूनच घोट घेतला.

आधी नुसती मिठाई लागली. व्हॅनिलाचा वास, पाकिटातल्या पावडरीच्या कस्टर्डसारखा, आम्ही वाढदिवसाला करायचो तसा. मग आंबट फळ, पिकायला आलेल्या करवंदासारखं. चहात बुडवून मऊ झालेल्या बिस्किटाची चव त्याच्या मागून आली. मला क्षणभर खरंच बरं वाटलं, की हे सरबतच आहे, काकू बरोबर आहे. मग घोट खाली उतरला आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहिला, आणि घशात ती ऊब. मी दुसरा घोट घेतला. ऊब तशीच होती. मी बाटली सिंकमध्ये उपडी केली, नळ सोडला, हाताचा वास घेतला. हाताला केकचा वास येत होता.

देवघरातली घंटा वाजून थांबली.

मी बाहेरच्या खोलीच्या दाराशी आले तेव्हा पानं मांडली होती. पप्पा काकांच्या डाव्या हाताला बसले होते. काकांच्या जुन्या बैठकीतले एक गृहस्थ उजव्या हाताला होते, ते अजून पितात, पण त्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून आले होते. काकूने पेला काकांच्या हातात दिला. "देवाला दावलंय. घ्या आता. लेकानं धाडलंय तुमच्या."

"आता सरबतावर आलास व्हय गड्या," ते गृहस्थ म्हणाले. "त्ये बी इंग्रजी. उद्यापास्नं टेम्पोला हारन बी इंग्रजीत वाजव."

सगळे हसले. काकाही हसले आणि त्यांनी पेला तोंडाजवळ नेला.

तिथे त्यांचा हात थांबला.

ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दारातून बघत होते म्हणून मला दिसलं. त्यांनी वास घेतला. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण डोळे बदलले. ते तीस वर्षं दारू प्यायले होते, कस्टर्ड आणि रास्पबेरीच्या आड काय आहे ते त्यांना नाकानेच कळलं असणार. पेला खाली ठेवला नाही त्यांनी. एकदा काकूकडे बघितलं. ती कौतुकाने उभी होती, पदराला फेसाचा ओलावा होता. मग देवघराकडे बघितलं.

मला तेव्हा कळलं की त्यांना दोष कुणीच देणार नव्हतं. बायकोने हाताने दिलेलं होतं, देवापुढून आलेलं होतं, बाटलीवर केक होता, आणि घरातल्या शिकलेल्या पोरीने वाचून सांगितलेलं होतं. ते एका दमात पिऊ शकत होते. त्यांना स्वतःला मात्र माहीत राहिलं असतं, आणि मला. पेल्यावरची बोटं घट्ट झालेली दिसली.

"घ्या की वं, गार हाय तवर," काकू म्हणाली.

काकांनी मान वर केली आणि त्यांची नजर थेट माझ्याकडे आली. ते विचारत नव्हते. वाट बघत होते, एवढंच. माझ्या तोंडाला वास येत असेल असं मला वाटत होतं. पप्पाही माझ्याकडे वळले, कारण काका बघत होते. चारचौघं माझ्याकडे बघतायत आणि हातात कागद नाही, असं माझं पहिल्यांदाच झालं असेल.

"काका, पिऊ नका," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "पिऊ नका ते. सरबत नाहीये, बिअर आहे. बाटलीवर लिहिलेलं मी तेव्हाच वाचलं होतं, सांगितलं नाही. आत्ता चाखूनही बघितली. आणि पप्पा, मला चव ओळखू आली, कारण त्या फोटोतला तो लिंबू सोडा नव्हता."