नेल्डा स्टॅलवर्थ आणि वाऱ्याची खबर

नेल्डा स्टॅलवर्थला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्या अलाबामात, जिथं हातात चेंडू घेऊन ढकलाढकली करायचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे धर्मच, ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, म्हणून ती बोलत नसे. बत्तीस वर्षं तिचा नवरा लमार दर शनिवारी टीव्हीसमोर घसा फोडायचा आणि ती शेजारी बसून शेंगा सोलायची. "बघितलंस?" असं तो म्हणाला की ही "बघितलं की" म्हणायची. संसार सुखाचा झाला.

लमार गेल्यावर घर खायला उठायला लागलं, तेव्हा तिनं काउंटीच्या विमानतळावर नोकरी धरली. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, इंधनाचा एक पंप, एक खोली आणि तिच्यामागे एक शेड. शेडमध्ये मी फवारणीची विमानं दुरुस्त करतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. फोन मिस नेल्डाकडे; आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला लग्न झालेलं असलं तरी मिसच म्हणतात. वैमानिक यायच्या आधी फोन करून वाऱ्याची दिशा आणि वेग विचारायचे, तेव्हा तिला सवयच लागली होती. फोन उचलला की आधी वारा, मग नमस्कार.

त्या वर्षी आमच्या गावात टेविन मॅकॉर्वे नावाचा सतरा वर्षांचा पोरगा होता. सहा फूट पाच इंच उंच, वजन तीनशे तीस पौंड. शाळेच्या सामन्यांत त्याला ओलांडून पुढे कुणी गेलं, असं दोन वर्षांत घडलं नव्हतं. त्यामुळे त्याला आपल्या संघात ओढायला दोन विद्यापीठं त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. एक उत्तरेचं, त्यांचं चिन्ह सुतारपक्षी, रंग लाल. दुसरं दक्षिणेचं, त्यांचं पाणमांजर, रंग जांभळा. गाव निम्मं इकडे, निम्मं तिकडे. पोरगं कुठं जाणार या काळजीनं पन्नाशीतल्या माणसांची जेवणं जात नव्हती. त्याला भेटायला कोच लहान विमानानं यायचे. म्हणजे कुणाचं विमान उतरलं, हे कळण्याची गावात एकच जागा होती.

पहिला फोन डॉयलचा आला. डॉयल म्हणजे लमारचा धाकटा भाऊ. टायरचं दुकान चालवतो आणि पक्का सुतारवाला. त्यानं तोंड उघडायच्या आत नेल्डा म्हणाली, "वारं दक्षिणेचं, नऊ."

"नक्की?" डॉयलनं विचारलं.

"मी आत्ताच बघून आले."

डॉयलनं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत चाहत्यांच्या वेबसाइटवर बातमी झळकली: विमानतळाच्या आतल्या गोटातून खबर, वारं दक्षिणेचं आहे. पाणमांजरवाल्यांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. मग सुतारवाल्यांतल्या एका भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलं की दक्षिणेचं वारं दक्षिणेकडून निघून उत्तरेला जातं, म्हणजे पोरगं उत्तरेला चाललं. यावर अकरा पानं वाद झाला. कुणीतरी कुणाची तरी आई काढली. नेल्डाला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं आलेल्या तेवीस फोनवर "वायव्येचं, चार" असं सांगितलं आणि दोन्ही बाजूंची झोप उडवली.

मग केक यायला लागले. आधी ग्लिनिस प्यू आली. ग्लिनिस चर्चमध्ये पियानो वाजवते. बोलायला लोण्यासारखी, पण पाणमांजरांचा विषय निघाला की तिच्या अंगात येतं. तिनं लिंबाचा केक टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

"नेल्डा, मी काही विचारायला आलेली नाही."

"बरं झालं. मला काही माहीतच नाही."

ग्लिनिसनं डोळा मिचकावला. "कळलं मला. माहीत असतं तरी तू हेच म्हणाली असतीस."

"अगं, खरंच नाही माहीत."

"शाबास. अशीच राहा. त्या डॉयललाही असंच सांग."

त्या आठवड्यात सहा केक आले, एक पीकन-पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, आला आणि एक भाजलेला हॅम. नेल्डानं निम्मं मला दिलं. ती म्हणाली, "मी जेवढं खरं सांगते, तेवढी यांना मी जास्त पोचलेली वाटते. आता मी काय करू?" मी म्हटलं, "मिस नेल्डा, हॅम मोठा कापा."

डॉयलचं नुसत्या वाऱ्यावर भागेना. तो दुर्बीण घेऊन आला, पण विमानतळाच्या कुंपणावर कुडझूची वेल इतकी माजली होती की पलीकडे उभं असलेलं विमानच काय, शेडसुद्धा दिसत नव्हती. ही वेल काढावी म्हणून नेल्डानं काउंटीला चार वर्षांत तीन पत्रं लिहिली होती.

"ही काढत का नाहीत?" डॉयल चिडून म्हणाला.

"काउंटी म्हणते माणसं नाहीत."

"माणसं आहेत की."

शनिवारी सकाळी डॉयल नऊ जण आणि कोयते घेऊन हजर. ही बातमी ग्लिनिसला लागायला वीस मिनिटं लागली. ती चौदा जण घेऊन आली, त्यांत चर्चमधले गाणारे बरेच. नुसते सुतारवालेच बघणार, आम्ही आंधळे राहणार, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. मधल्या खांबाला फडकं बांधून हद्द पाडली: उत्तरेचं कुंपण डॉयलच्या लोकांचं, दक्षिणेचं ग्लिनिसच्या. मग जी चढाओढ लागली ती मी जन्मात पाहिलेली नाही. बँकेतले साहेब वेलीला लोंबकळत होते. ग्लिनिस खुर्चीवर उभी राहून "भले, भले, मुळापासून ओढा" असं सुरात म्हणत होती.

पाणमांजरवाले आधी संपवणार असं दिसत असतानाच डॉयलच्या बाजूनं आरडाओरडा झाला. वेलीखाली एक अख्खा ट्रॅक्टर सापडला होता. काउंटीचाच, गवत कापायचा. चार वर्षांपूर्वी हरवला म्हणून त्याची चौकशी चालू होती.

"आमच्या बाजूला ट्रॅक्टर निघाला, म्हणून उशीर झाला," डॉयल म्हणाला. "हे धरायचं नाही."

"ट्रॅक्टर तुमच्या भागातला आहे," ग्लिनिस म्हणाली. "तुमचं नशीब."

दुपारपर्यंत कुंपण लख्ख. नेल्डानं सगळ्यांना त्यांचेच केक खायला घातले.

पुढच्या गुरुवारी दोन्ही फौजा घडीच्या खुर्च्या टाकून कुंपणाला नाक लावून बसल्या होत्या. अडीच वाजता एक पांढरं विमान उतरलं. त्यातून लाल जाकीट घातलेला एक जाडा माणूस बाहेर आला. सुतारवाल्यांनी चमचे काढून कुंपणाच्या खांबांवर टक टक टक सुरू केलं. तो माणूस जागच्या जागी थिजला. मग तो जवळजवळ पळतच नेल्डाच्या खोलीत शिरला.

"बाई, हे लोक कोण?"

"चांगली माणसं आहेत. तुम्ही कोच आहात का?"

"मी कॅटफिशची पिल्लं विकतो."

नेल्डा बाहेर गेली आणि तिनं हे मोठ्यानं जाहीर केलं. डॉयलनं मान डोलावली. "असंच सांगणार तो. वेश बदलून आलाय." ते अंधार पडेपर्यंत टकटक करत बसले. ग्लिनिसच्या नवऱ्यानं मात्र त्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्याकडून तळ्यासाठी पाचशे पिल्लं घेतली.

आणि मग एका मंगळवारी दुपारी टेविन स्वतः आला. दारातून आत येताना त्याला खाली वाकावं लागलं. मी कॉफी ओतत होतो. तो टोपी काढून उभा राहिला.

"मिस नेल्डा, मी कुठं जाणार ते तुम्हाला माहीत आहे, असं सगळे म्हणतात."

"म्हणतात खरं."

"मग मलाही सांगा ना, मॅम. माझं काही ठरतच नाहीये."

नेल्डानं त्याला बसवलं. खुर्ची करकरली. तिनं त्याच्यापुढे केक ठेवला, त्यानं तीन तुकडे खाल्ले.

"आधी मला सांग," ती म्हणाली, "तू या खेळात नेमकं करतोस काय?" बत्तीस वर्षांत तिनं हा प्रश्न लमारलाही विचारला नव्हता.

टेविननं मिठाची डबी, कॉफीचे कप आणि माझा पाना टेबलावर मांडला. मिठाची डबी म्हणजे चेंडू फेकणारा. कप त्याच्या अंगावर धावून येणार. पाना म्हणजे टेविन. पान्यानं कप ढकलून धरायचे.

"म्हणजे तू चेंडूला हातच लावत नाहीस?"

"नाही, मॅम. लावला तर चुकलंच समजायचं."

"आणि ही माणसं तुझ्यासाठी कुंपण साफ करतायत."

"हो, मॅम," तो म्हणाला, आणि दोघं हसायला लागली ती थांबेनात. डोळे पुसून झाल्यावर त्यानं सांगितलं, की उत्तरेला जेवण फार छान आहे, पण दक्षिणेचा कोच दर रविवारी आईला फोन करतो आणि धाकट्या बहिणीचं नाव विसरत नाही.

"बहिणीचं नाव काय?" नेल्डानं विचारलं.

"जोनेल."

"उत्तरेचा कोच काय म्हणतो तिला?"

टेविननं विचार केला. "जॅनेट. कधी कधी जॉर्जेट." मग त्यानं चौथा तुकडा उचलला आणि तो "थँक यू, मॅम" म्हणून निघाला.

डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर त्यानं टेबलावरच्या लाल आणि जांभळ्या टोप्यांतली जांभळी उचलून घातली, म्हणजे पाणमांजरांकडे जायचं ठरलं. ग्लिनिस पियानोकडे धावली, पण हॉलमध्ये पियानो नव्हता. तीन वाजेपर्यंत टायरच्या दुकानातल्या गप्पांत टेविनचे पाय जड झाले होते, वजन फाजील झालं होतं, आणि सुतारवाल्यांना तो मुळात कधी हवाच नव्हता. डॉयल नेल्डाकडे भांडायला आला.

"तू मला वारं दक्षिणेचं म्हणाली होतीस. ते उत्तरेला जातं."

"आणि दक्षिणेलाच गेला की."

डॉयल उरलेला हॅम घेऊन घरी गेला.

पुढच्या शरदात टेविनच्या आईनं नेल्डाला सामन्याचं तिकीट पाठवलं. आयुष्यातला पहिलाच सामना. ती ग्लिनिसबरोबर गेली आणि सोमवारी माझ्यासमोर कॉफी घेऊन बसली.

"कसा झाला?"

"मी फक्त टेविनकडेच बघत होते. बाकीचे एकवीस जण काय करत होते, देव जाणे. चेंडू कुठं होता तेही मी पाहिलं नाही. पण पोरगं ढकलतं छान. एकाला तर त्यानं पार बाकापर्यंत नेऊन बसवलं."

"जिंकलं कोण?"

"तेच तर. ग्लिनिस येताना गाडीत दोन तास हुंदके देत होती, म्हणून मी समजले हरलो. मी तिची समजूत घालत राहिले, पुढच्या वेळी बघू म्हणून. सकाळी पेपर उघडला तर एकतीस-दहा. जिंकलो होतो आपण."